ज्याची गंधमुक्ती होत नाही

खान्देशातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा. आतल्या पानांवर चौकटी असतात. फोटो, नाव, गाव आणि खाली 'गंधमुक्ती व उत्तरकार्य' असं लिहून वार आणि तारीख. मुंबई-पुण्याकडच्या माणसाला या शब्दाचा अर्थ विचारावा लागतो, जळगाव-धुळ्याकडे तो शेंबड्या पोरालाही कळतो. माणूस गेला की दुःखाचे दिवस मोजून दिलेले असतात. लोक दारावर येऊन बसतात. शेजारणी चहाचं, जेवणाचं बघतात. कोण कधी येणार, किती दिवस थांबणार, रडायचं कधी आणि कामाला लागायचं कधी, सगळं गावाला ठाऊक असतं. मग ठरलेल्या दिवशी सुतक फिटतं आणि घर पुन्हा माणसांत येतं. आतलं दुःख त्या दिवशी सरत नाही, पण ते भोगायला माणूस एकटा उरलेला नसतो.

आता दुसरं घर बघा. मुलगा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, शिकायला नाशिकला गेला आणि दुसऱ्या वर्षाला परत आला. तेव्हापासून मागच्या खोलीत बसून असतो. आंघोळीला दहा वेळा सांगावं लागतं. मित्र आले तर उठून आत जातो. रात्री कुणाशी तरी बोलतो. चेहरा तोच, आवाज तोच, पण आई म्हणते, हा माझा पोरगा नव्हे. या घरातून जे गेलं त्याची चौकट पेपरात येत नाही. दारावर कुणी येऊन बसत नाही. गल्लीत एवढंच म्हणतात, 'त्याना डोकामा फरक पडी ग्या', आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो.

या दुसऱ्या घराच्या दुःखाला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या पॉलीन बॉस यांनी नाव दिलं. १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा त्या अभ्यास करत होत्या. नवरा मेला असं म्हणता येत नाही, जिवंत आहे असंही म्हणता येत नाही, अशा अवस्थेत त्या बायका वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या. पुढे बॉस यांना दिसलं की याची दुसरी बाजूही आहे. माणूस समोर बसलेला असतो, जेवतो, झोपतो, पण ज्याला आपण ओळखत होतो तो त्यात सापडत नाही. स्मृतिभ्रंश असो की गंभीर मानसिक आजार, घरच्यांचं दुःख या जातीचं असतं. आपण त्याला अधांतरी वियोग म्हणू. त्याला तारीख नाही, विधी नाही, आणि म्हणून शेवटही नाही.

मानसिक आजारांवरच्या चित्रपटांबद्दल लिहायला बसलो आणि सुरुवात मृत्यूच्या चौकटींपासून केली, ती याचसाठी. पडद्यावर वेड पुष्कळ दाखवलं गेलं. पण हा अधांतरी वियोग, जो खरं म्हणजे आजारी माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या आयुष्याचा सगळ्यात मोठा भाग असतो, तो दाखवायला आपल्या सिनेमाने फार वेळ लावला. मराठीत तो आला तेव्हा त्याच्या पाठीशी धुळ्याचा एक माणूस उभा होता. त्या माणसाकडे जायचं तर आधी थोडा रस्ता तुडवावा लागेल.

हिंदी सिनेमाने वेडाची एक ठरावीक वेळ ठरवून टाकली होती: मध्यंतराच्या जरा आधी किंवा शेवटच्या दोन रिळांत. प्रियकर मेला, डोक्यावर मार लागला, अब्रू गेली, की माणूस एका क्षणात वेडा. मग पुन्हा एक धक्का, आणि तो शहाणा. 'खामोशी'तली (१९६९) वहिदा रहमान यांची परिचारिका राधा डॉक्टरांच्या सांगण्यावरून रुग्णावर प्रेमाचं नाटक करते, कारण प्रेम हाच उपचार. शेवटी ती स्वतःच कोसळते. वहिदाजींचं काम आजही हेलावून टाकतं, पण उपचाराची ती कल्पना कुठल्याही दवाखान्यात सापडणार नाही. 'रात और दिन'मध्ये (१९६७) नर्गिस एकाच शरीरातल्या दोन बायका झाल्या आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा चित्रपटांमुळे एक गैरसमज घराघरांत पोचला तो अजून निघालेला नाही: स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं.

त्यात दोष थोडा नावाचाही आहे. १९०८ साली स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी हा शब्द घडवला तो 'दुभंगणं' आणि 'मन' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांतून. मराठीत आपण त्याचं 'छिन्नमनस्कता' केलं. दोन्ही शब्द ऐकताना डोळ्यांपुढे भेगाळलेलं मन येतं. ब्लॉयलर यांना म्हणायचं होतं ते असं, की विचार, भावना आणि जाणीव यांना एकत्र बांधणारी दोरी सैल होते. बातमी दुःखाची असते आणि चेहरा कोरा राहतो. बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो आणि तो आपल्यालाच दिलेला इशारा वाटतो. कानात आवाज येतात, आणि ते बाहेरून आल्यासारखे अगदी खरे ऐकू येतात. दोन व्यक्तिमत्त्वांचा यात काही संबंध नाही.

डॉक्टर या आजाराच्या लक्षणांचे दोन गट करतात. नसायला हवं ते येणं हा एक: आवाज, भास, कुणीतरी आपल्या मागावर आहे असा पक्का समज. असायला हवं ते जाणं हा दुसरा: उत्साह, बोलणं, हसणं, आंघोळ करावीशी वाटणं, कशाची तरी वाट पाहणं. पहिला गट कॅमेऱ्याला आवडतो, कारण तो दिसतो, धावतो, ओरडतो. औषधांना बऱ्याचदा तोच आधी दाद देतो. दुसरा गट वर्षानुवर्षं घरात राहतो. तो कॅमेऱ्याला कंटाळवाणा वाटतो आणि घरच्यांना आळस वाटतो. 'खायले पाहिजे, कामले नको,' हे वाक्य अशा किती मुलांनी ऐकलं असेल. सिनेमाने ही दुसरी बाजू दाखवली असती तर कदाचित त्यांतल्या काहींना ते ऐकावं लागलं नसतं.

शॉकचंही असंच झालं. विजेचा उपचार १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी पहिल्यांदा केला. पडद्यावर तो नेहमी शिक्षा म्हणून येतो. हातपाय बांधलेले, तोंडात बोळा, बाजूला खलनायकाचा डॉक्टर. १९७५ च्या 'वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट'ने ही प्रतिमा जगभर पक्की केली आणि आपल्याकडे तिच्या नकला निघाल्या. आज हा उपचार भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात. तसं न करता तो देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याने बंदीच घातली आहे. काही रुग्णांच्या बाबतीत, विशेषतः जेवणखाण सोडलेल्या किंवा जिवावर उठलेल्या तीव्र नैराश्यात, तो जीव वाचवतो. पण शॉक हा शब्द कानावर पडला की नातेवाईक उठून उभे राहतात, आणि त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे दवाखाना नसतो, सिनेमा असतो.

आता खान्देशाच्या लेकीकडे येऊ. स्मिता पाटील यांचा जन्म पुण्याचा, पण घराणं शिरपूरचं. वडील शिवाजीराव पाटील धुळे जिल्ह्याच्या राजकारणातलं मोठं नाव. १९८२ हे एक वर्ष स्मिता पाटलांच्या कामात फार महत्त्वाचं. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' त्या वर्षीचा, आणि महेश भट्टांचा 'अर्थ'सुद्धा. 'अर्थ'मध्ये त्या मानसिक आजाराने ग्रासलेल्या चित्रतारका कविता सान्याल झाल्या. ही कथा आपल्या आणि अभिनेत्री परवीन बाबी यांच्या नात्यातून आली असं भट्टांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पुढे २००६ मध्ये त्याच आठवणींवरून त्यांनी 'वो लम्हे' लिहिला.

'अर्थ' हा पूजाचा, म्हणजे शबाना आझमींच्या पत्नीचा चित्रपट आहे आणि प्रेक्षकाचं मन तिच्याच बाजूला असतं. कविता ही घर मोडणारी दुसरी बाई. अशा बाईला आजारी दाखवणं सोपं होतं. कथाकीर्तन ऐकत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला पापाचं फळ दिसलं की समाधान होतं. पटकथा त्या बाजूला थोडी झुकतेही. कविताला पूजाच्या मंगळसूत्राचे मणी टोचतात, त्यात भासापेक्षा अपराधाचा भाव जास्त आहे. स्मिता पाटलांनी मात्र ती बाई तशी केली नाही. त्यांची कविता घाबरलेली आहे. संशय घेताना ती दुष्ट दिसत नाही, पाय ठेवायला जागा न सापडलेल्या माणसासारखी दिसते. 'उंबरठा'तल्या खंबीर सुलभा महाजनमागोमाग हे काम पाहिलं की एका वर्षात एवढी दोन टोकं या बाईने कशी गाठली असतील, असं वाटत राहतं. १३ डिसेंबर १९८६ ला त्या गेल्या तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या.

तरीही 'अर्थ'मधल्या कविताला घर नाही. तिचं औषध कोण बघतं, ती रात्री झोपली नाही तर कोण जागं राहतं, तिची आई कुठे आहे, हे प्रश्न तो चित्रपट विचारत नाही. ते विचारायला आणखी २२ वर्षं गेली.

डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. तिकडे त्यांनी मराठी आणि भारतीय मंडळींच्या संस्था उभ्या केल्या, इकडे धुळ्यात का. स. वाणी यांच्या नावाने मराठीच्या प्रगत अध्ययनाची संस्था चालवली. कॅनडाने त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मान दिला. संख्याशास्त्रज्ञ माणूस, शक्यता, प्रमाण, सरासरी यांत आयुष्य गेलेलं. जगभरात सुमारे ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाणींच्या पत्नीला तो झाला. तो आकडा त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

त्या पिढीतल्या माणसाने ही गोष्ट झाकून ठेवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. परदेशात असल्यामुळे झाकणं सोपंही होतं. वाणींनी ती उघड सांगितली, आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू केली. आजारी माणसांच्या घरच्यांनी एकत्र बसून बोलायचं, हा तिचा गाभा. दारावर येऊन बसणारे लोक या घरांना कधी मिळाले नव्हते. इथे ती माणसं एकमेकांच्या दारावर बसू लागली. या मंडळींत दोन शब्द रुळले आणि मला ते मोलाचे वाटतात. रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर'. आपल्या भाषेत वेड्यासाठी शब्दांची कमी कधीच नव्हती: येडा, खुळा, भ्रमिष्ट, डोक्यावर परिणाम झालेला. सांभाळणाऱ्यासाठी मात्र एकही नव्हता. ज्याला नाव नाही तो कुणाला दिसतही नाही, आणि वर्षानुवर्षं रात्री जागणारी आई, बहीण, नवरा हे असेच कुणाला न दिसणारे होते.

मग वाणींनी ठरवलं की व्याख्यानं आणि पत्रकं पुरेशी नाहीत, चित्रपट हवा. त्यांच्या पुढाकाराने आणि आर्थिक पाठबळाने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' केला. साल २००४.

'देवराई'तला शेष देसाई कोकणातला. हुशार, वाचणारा, गावाच्या देवराईत जीव अडकलेला. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, ज्यातली काडीही तोडायची नसते. धुळे-जळगावच्या उघड्या माळावरच्या माणसाला ते हिरवं, ओलं अंधारलेपण परक्यासारखं वाटेल, पण कथा लगेच ओळखीची होते, कारण शेषची बहीण त्याला आपल्या घरी घेऊन येते. आखाजीला लेक माहेरी येते, झोके बांधले जातात, गौराई बसते. इथे उलट झालं आहे. माहेरच सासरी राहायला आलं आहे. सोनाली कुलकर्णींची सीना भावाला जपते, नवऱ्याचा चेहरा वाचते, शेजाऱ्यांना काय सांगायचं ते मनात जुळवते, आणि या सगळ्यात तिचा स्वतःचा संसार चालू असतो. अतुल कुलकर्णींचा शेष घाबरवत नाही. त्याच्या डोक्यातलं रान आपल्याला दिसतं, त्याचे आवाज ऐकू येतात, पण कॅमेरा थोड्या वेळाने पुन्हा घरात येतो, जिथे कुणीतरी दार उघडं आहे का ते बघतंय. औषधं सुरू होतात. फरक पडतो, तोही हळूहळू. चमत्कार होत नाही. एका धक्क्यात कुणी शहाणं होत नाही.

मला वाटतं, हा चित्रपट असा होऊ शकला कारण तो अशा माणसाने मागितला होता जो स्वतः शुभंकर होता. डॉक्टरने मागितला असता तर तो आजाराचा चित्रपट झाला असता. व्यवसायासाठी निघाला असता तर वेडाचा. हा घराचा झाला.

आणि घर ही या आजारात केवळ भावनेची बाब नाही, त्याला संशोधनाचा आधार आहे. १९५८ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या पुरुषांची पाहणी केली. आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत राहणारे किंवा भावाबहिणींकडे गेलेले अधिक टिकून राहिले. हे वाचलं तेव्हा मला सीना आठवली. पुढच्या वर्षांत ब्राऊन यांनी कारण शोधलं: सतत टोचून बोलणं, राग, किंवा पोराला एक क्षणही न सोडणारी जिवापाड काळजी, या तिन्हींनी आजार उलटण्याची शक्यता वाढते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आजार आईमुळे होतो असं हे संशोधन म्हणत नाही. तशी एक कल्पना १९४० च्या दशकात अमेरिकेत निघाली होती. तिने असंख्य आयांना विनाकारण अपराधी केलं आणि नंतर ती टाकून दिली गेली. आजार मेंदूत येतो. घराचं बोलणं त्याच्या वाटचालीवर परिणाम करतं, इतकंच.

आपल्या बाजूने सांगण्यासारखंही काही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत या आजाराचा अभ्यास सुरू केला. भारतातलं केंद्र होतं आग्रा. काही वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा भेटल्यावर दिसलं की आग्र्यासारख्या ठिकाणचे रुग्ण अनेक श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बऱ्या स्थितीत होते. या निष्कर्षावर अजून वाद चालतो. पण एकत्र कुटुंब, शेतावरचं झेपेल तेवढं काम, 'असू दे, आपलाच आहे' म्हणणारी आजी, यांचा त्यात वाटा असावा असं पुष्कळांना वाटतं. खळ्यावर बसून ज्वारीची राखण करणारा, फारसं न बोलणारा एखादा काका खान्देशात पूर्वी पुष्कळ घरांत असायचा. त्याला कुणी आजारी म्हणत नव्हतं, पण ताटही कुणी चुकवत नव्हतं. मी त्या दिवसांची भलामण करत नाही. त्याच गावांत भगताकडे नेऊन धुरी देणं, झाडाला बांधणंही होतं, आणि 'बाहेरनं लागेल शे' म्हणत औषधाविना फुकट गेलेली वर्षंही होती.

वर्षं फुकट जाणं आजही थांबलेलं नाही. 'निम्हान्स' या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण खान्देशाला खेटून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्यं होती. आजारानुसार ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. खान्देशात एकही नाही. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय जिल्हा कार्यक्रमातून होते, धुळे आणि जळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. वाट आहे. ती घरच्यांना माहीत होईपर्यंत किती दिवस जातात, हा प्रश्न आहे.

'देवराई'च्या तीनच वर्षं आधी हॉलिवूडचा 'अ ब्युटिफुल माइंड' आला होता, गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरचा. चार ऑस्कर मिळाले, जगभर गाजला. त्यात नॅशना माणसं दिसतात: खोलीतला मित्र, सरकारी गुप्तहेर, एक छोटी मुलगी. खऱ्या नॅशना माणसं दिसत नव्हती, आवाज ऐकू यायचे. या आजारात तेच जास्त आढळतं. पण आवाज पडद्यावर दाखवायचा कसा? चित्रपटातले नॅश नवी औषधं घेत असल्याचं सांगतात. खऱ्या नॅशनी १९७० नंतर औषध घेतलं नव्हतं. ते पाहून रुग्ण आपली औषधं सोडतील, या काळजीने ते वाक्य घातलं गेलं. मला हा बदल खोटेपणा वाटत नाही, जबाबदारी वाटते. मात्र एक गोष्ट चित्रपटकर्त्यांनी गाळली ती खटकते. ॲलिशिया नॅश यांनी १९६३ मध्ये घटस्फोट घेतला होता, आणि १९७० मध्ये त्याच नवऱ्याला, नवरा म्हणून नव्हे, राहायला जागा नसलेला माणूस म्हणून, घरात घेतलं. २००१ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केलं. अखंड निष्ठेच्या गोड गोष्टीपेक्षा हे कितीतरी मोठं आहे. थकून सोडणं आणि तरी दार उघडणं, दोन्ही एकाच बाईने केलं. शुभंकरांना ही कथा खरी तशी कळायला हवी होती.

कापसाच्या मुलखात आणखी एका चित्रपटाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) विदर्भातला. पण पारोळा, अमळनेर, शिंदखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे आणि अलका आपल्या नवऱ्यावर, किसनावर, नजर ठेवू लागते. तो रानात गेला की पोराला मागे पाठवते. घरात गोडधोड करते. किसना आजारी आहे असं कुणी म्हणत नाही, आणि कर्ज, पाऊस, बियाणं हे सगळं खरंच आहे, ते काही मनाचे खेळ नव्हेत. तरी अलकाच्या पहाऱ्यात मला तीच सीना दिसते. आत्महत्या कशी दाखवावी याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपटकर्त्यांसाठी मार्गदर्शिका काढली. पद्धत दाखवू नका, ती एकमेव सुटका म्हणून रंगवू नका, माणूस संकटातून कसा तरतो ते दाखवा, असं त्यात म्हटलं आहे. या चित्रपटाने दहा वर्षं आधी लक्ष मरणाऱ्यावरून काढून राखणाऱ्यावर नेलं होतं.

भावे-सुकथनकर 'देवराई'वर थांबले नाहीत. 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत हरवतात. ते काम डॉ. मोहन आगाशे यांनी केलं, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मुलगी बापाला शहरभर शोधते, पण खरं म्हणजे तो तिच्या हातून कधीचाच निसटला आहे. बॉस यांचा अधांतरी वियोग याहून स्पष्ट मी पडद्यावर पाहिलेला नाही. २०१६ च्या 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं. त्यात जीव द्यायला निघालेल्या पोराला जानकी घरी आणते आणि त्याला काहीही विचारत नाही. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. आगाशे हे चित्रपट घेऊन गावोगाव गेले, चित्रपट संपल्यावर दिवे लावून लोकांशी बोलत बसले.

मग 'दिठी'. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरचा हा चित्रपट सुमित्राताईंचा शेवटचा. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या आणि पुढच्याच महिन्यात तो लोकांपुढे आला. किशोर कदमांचा रामजी लोहार. ३० वर्षं वारी केलेला, आणि त्याचा तरुण मुलगा पुरात गेला. मुक्ताईची पालखी पाहत वाढलेल्या माणसाला रामजीचा प्रश्न कळतो: इतकं केलं, मग माझ्याच वाट्याला का? रामजी खात नाही, बोलत नाही, सुनेला मुलगी झाली तिचं तोंड पाहत नाही. हा आजार म्हणायचा का? आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आता लांबलेल्या दुःखाचा विकार अशी नोंद आहे. किमान सहा महिने उलटून गेले आणि दुःखाने माणसाचं जगणंच अडवून धरलं, तरच ते नाव लावायचं. रामजीचे दिवस अजून ताजे आहेत. त्याला कुणी वेडा म्हणत नाही, कुणी उपदेशही फारसा करत नाही. सोबतीचे वारकरी पोथी घेऊन बसतात आणि जागा राखून ठेवतात. पावसाच्या रात्री एक गाय अडते, आणि अडलेली गाय सोडवण्याचा हात गावात फक्त रामजीचा आहे.

'देवराई' मी पुष्कळ वर्षांपूर्वी घरच्या टीव्हीवर पाहिला. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांचा मुलगा तेव्हा तीन-चार वर्षं मागच्या खोलीत होता. त्यांना बोलवावं की नाही, याचा आम्ही घरात विचार केला होता. त्या खाली सतरंजीवर बसल्या, पदर हातात धरून. शेषला भास होत होते तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. डॉक्टर आले तेव्हाही नाही. मला वाटलं, उठून जातील. सीना स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत, भावाच्या खोलीच्या दाराशी, पुन्हा आत असं करत होती. काकू तिच्याकडेच बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी आईकडे मान वळवली आणि हळूच विचारलं, 'हाई बाई जेवस कवय?'

आई उठली आणि त्यांचं ताट वाढून घेऊन आली.